विश्लेषण : मोर्चात पुढे, दप्तरात मागे… फ्रान्समधील स्त्रियांचा इतिहास पुरुषोत्तमनगरच्या शेतकरी स्त्रीला काय सांगतो?

स्वातंत्र्य, समता, बंधुता ही त्रयी जगाला दिली ती फ्रान्सने. भारतीय राज्यघटनेच्या उद्देशिकेतही हे शब्द आहेत. त्यामुळे स्त्रियांच्या हक्कांबाबत फ्रान्स शे-दोनशे वर्षे आपल्या पुढे असणार, असा आपला सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात मुंबई प्रांतातल्या काही स्त्रियांना मतदानाचा अधिकार मिळाला १९२१ मध्ये, तर फ्रान्सच्या स्त्रियांना १९४४ मध्ये. खान्देशच्या प्रतिभाताई पाटील २००७ मध्ये भारताच्या राष्ट्रपती झाल्या. फ्रान्समध्ये राष्ट्राध्यक्षपदी आजवर एकही स्त्री आलेली नाही. मग फ्रान्सकडून शिकण्यासारखे काय? शहादा तालुक्यातील पुरुषोत्तमनगरसारख्या, ऊस आणि साखर कारखान्याभोवती वसलेल्या गावासाठी या प्रश्नाचे उत्तर महत्त्वाचे आहे. हक्क कायद्यात येणे आणि तो दप्तरात नावासह नोंदला जाणे, यांत किती अंतर असते, ते फ्रान्सच्या इतिहासात स्वच्छ दिसते.

क्रांतीत स्त्रिया कुठे होत्या?

अगदी पुढे. ५ ऑक्टोबर १७८९ रोजी पॅरिसच्या बाजारपेठांतील हजारो स्त्रिया भर पावसात सुमारे २० किलोमीटर चालत व्हर्सायच्या राजवाड्यावर गेल्या. पाव महागला होता, मिळत नव्हता. दुसऱ्या दिवशी त्या राजा-राणीला सोबत घेऊनच पॅरिसला परतल्या. त्यानंतर राजाला व्हर्सायला परत जाता आले नाही. क्रांतीला निर्णायक वळण देणाऱ्या घटनांमध्ये या मोर्चाची गणना होते.

मात्र त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जाहीर झालेल्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातले ‘नागरिक’ म्हणजे पुरुष, असाच अर्थ पुढे लावला गेला. ओलिम्प द गूज या लेखिकेने १७९१ मध्ये स्त्रियांच्या हक्कांचा स्वतंत्र जाहीरनामा लिहून ही विसंगती दाखवली. ३ नोव्हेंबर १७९३ रोजी तिला गिलोटिनवर चढवण्यात आले. त्याच्या चारच दिवस आधी क्रांतिकारी सरकारने स्त्रियांच्या राजकीय संघटनांवर बंदी घातली होती. मोर्चाला स्त्रिया चालल्या. सभागृहात मात्र चालल्या नाहीत.

नेपोलियनच्या कायद्याने काय केले?

नेपोलियनने १८०४ मध्ये देशभरासाठी एकच नागरी संहिता आणली. युरोपातील अनेक देशांनी ती नमुना म्हणून स्वीकारली. पण या संहितेने विवाहित स्त्रीला कायद्याच्या दृष्टीने अज्ञान मुलाच्या रांगेत बसवले. नवऱ्याने बायकोचे रक्षण करावे आणि बायकोने नवऱ्याची आज्ञा पाळावी, असे त्यात थेट कलमच होते. नवऱ्याच्या संमतीशिवाय तिला मालमत्ता विकता येत नव्हती, करार करता येत नव्हता, कोर्टात उभे राहता येत नव्हते. क्रांतीने १७९२ मध्ये दिलेला घटस्फोटाचा अधिकारही १८१६ मध्ये काढून घेण्यात आला. तो परत मिळायला १८८४ उजाडले.

याच नेपोलियनचा साखरेशीही संबंध आहे. ब्रिटिशांबरोबरच्या युद्धामुळे वेस्ट इंडिजची उसाची साखर फ्रान्समध्ये येईनाशी झाली, तेव्हा १८११ मध्ये त्याने हजारो हेक्टरवर शर्कराकंद म्हणजे साखरेचे बीट लावण्याचे फर्मान काढले. आज फ्रान्स युरोपातील आघाडीचा साखर उत्पादक आहे, आणि तिथली तेरेओस ही मोठी साखर कंपनी बीट उत्पादक शेतकऱ्यांची सहकारी संस्था आहे. म्हणजे पीक वेगळे असले तरी शेतकरी, कारखाना आणि सहकार हे समीकरण पुरुषोत्तमनगरच्या सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याच्या सभासदांना ओळखीचेच वाटेल. त्या समीकरणात स्त्रीचे नाव कुठे, हा प्रश्नही दोन्हीकडे सारखाच आहे.

हक्क मिळायला इतका उशीर का झाला?

कारण प्रत्येक हक्क सुटा-सुटा, तुकड्या-तुकड्याने मिळवावा लागला. नोकरी करणाऱ्या विवाहित स्त्रीला स्वतःचा पगार स्वतः खर्च करण्याचा अधिकार १९०७ मध्ये मिळाला. आज्ञापालनाचे कलम १९३८ मध्ये गेले. मतदानाचा प्रस्ताव कनिष्ठ सभागृहाने १९१९ मध्ये मंजूर केला, तो सिनेटने १९२२ मध्ये फेटाळला. स्त्रिया पाद्रीबाबा सांगतील तसे मतदान करतील, ही प्रजासत्ताकवाद्यांची भीती त्यामागे होती.

यातून विचित्र परिस्थिती उद्भवली. मेरी क्युरी यांना १९०३ आणि १९११ असे दोनदा नोबेल मिळाले. पण १९३४ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा फ्रान्समधल्या कोणत्याच स्त्रीला मत नव्हते. त्यांची कन्या आयरिन जोलिओ-क्युरी, तसेच सेसिल ब्रुन्श्विग आणि सुझान लाकोर या तिघी १९३६ मध्ये लिऑ ब्लम यांच्या सरकारात उपमंत्री झाल्या. देशाचा कारभार पाहण्यास पात्र, पण मत देण्यास अपात्र! अखेर दुसऱ्या महायुद्धात, २१ एप्रिल १९४४ रोजी, द गॉल यांच्या अल्जियर्समधील हंगामी सरकारने अध्यादेश काढला आणि २९ एप्रिल १९४५ च्या नगरपालिका निवडणुकांत फ्रेंच स्त्रियांनी पहिल्यांदा मतदान केले.

तरीही घरातला व्यवहार बदलला नव्हता. नवऱ्याच्या परवानगीविना नोकरी धरण्याचा आणि स्वतःच्या नावे बँक खाते उघडण्याचा अधिकार विवाहित स्त्रीला मिळाला तो १३ जुलै १९६५ च्या कायद्याने. ‘कुटुंबप्रमुख’ म्हणजे नवरा ही कायदेशीर कल्पना १९७० मध्ये मोडीत निघाली. दोघांच्या सामाईक मालमत्तेच्या कारभारात पूर्ण समानता यायला १९८५ साल उजाडावे लागले. भारतात हिंदू वारसा कायद्याने १९५६ मध्येच हिंदू स्त्रीला तिच्या मालमत्तेची पूर्ण मालकी दिली होती, हे लक्षात घेतले म्हणजे फ्रान्सची चाल किती मंद होती ते कळते.

फ्रान्सच्या शेतकरी स्त्रियांचे काय?

त्यांचा लढा तर आणखी लांबला. गोठा, दूध, कोंबड्या, बीटाची विरळणी, हिशेब ही सगळी कामे करूनही शेतकऱ्याच्या बायकोची सरकारी कागदावर नोंद ‘व्यवसाय नाही’ अशीच होत असे. ती नवऱ्याला मदत करते, एवढेच गृहीत धरले जाई. त्यामुळे तिला स्वतःचे निवृत्तिवेतन नाही, दुखापत झाली तर भरपाई नाही, घटस्फोट झाला तर वीस वर्षांच्या कष्टांचा पुरावा नाही.

१९८० च्या शेती कायद्याने पत्नीला शेतीच्या कारभारात सहधारकाचे स्थान दिले. १९८५ मध्ये नव्या प्रकारच्या शेती कंपनीत पती-पत्नी दोघांना स्वतंत्र भागीदार होता येऊ लागले. १९९९ मध्ये शेतीत काम करणाऱ्या जोडीदाराला ‘सहयोगी’ असा दर्जा आणि त्याबरोबर निवृत्तिवेतनाचे हक्क मिळाले. फ्रान्समध्ये १९६० च्या दशकापासून रुळलेल्या सामुदायिक शेती गटात मात्र केवळ पती-पत्नी भागीदार असण्याला बंदी होती. ती २०१० मध्ये उठली. आणि ‘सहयोगी’ हा दुय्यम दर्जाच कायमचा होऊन बसू नये म्हणून २०२२ पासून त्याला पाच वर्षांची मर्यादा घालण्यात आली. त्यानंतर जोडीदाराने मालक, भागीदार किंवा पगारी कामगार यांपैकी एक व्हायचे. आज फ्रान्समधील शेतीप्रमुखांमध्ये साधारण चौथा हिस्सा स्त्रियांचा आहे.

या सगळ्या सुधारणांचा गाभा एकच आहे. काम तेच राहिले. ते कोणाच्या नावे लिहायचे, एवढे बदलले. आणि नाव लिहिले गेल्यावर पेन्शन, विमा, कर्ज आणि मत या गोष्टी मागोमाग आल्या.

हे शहाद्याला कसे लागू पडते?

शहाद्याच्या स्त्रियांचाही असाच एक मोर्चा इतिहासात नोंदला गेला आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सावकार आणि मोठ्या शेतकऱ्यांकडे गेलेल्या जमिनींसाठी या भागातील भिल्ल आदिवासी उभे राहिले. अंबरसिंग सुरतवंती हे त्यांचे नेते. १९७२ मध्ये श्रमिक संघटना स्थापन झाली. शिबिरांत आणि मोर्चांत स्त्रिया मोठ्या संख्येने आल्या. दारूच्या भट्ट्यांवर चालून जाऊन त्यांनी मडकी फोडली, बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना गावासमोर जाब विचारला. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांच्या लेखनातून शहाद्याची ही चळवळ जगभरच्या अभ्यासकांपर्यंत पोहोचली.

चळवळीच्या रेट्याने कायदेही झाले. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा राज्याचा कायदा १९७४ चा. पण परत आलेली जमीन मूळ खातेदाराच्या किंवा त्याच्या वारसाच्या नावे होणार. आणि खातेदार बहुतेक ठिकाणी पुरुष. मडकी फोडणारी स्त्री सातबाऱ्यावर आली नाही. व्हर्सायला चालत गेलेल्या बायकांचे जे झाले, त्यापेक्षा हे फार वेगळे नाही.

सातबाऱ्यावरचे नाव इतके महत्त्वाचे का?

कारण शेतीतले जवळपास सगळे व्यवहार त्या एका उताऱ्यापासून सुरू होतात. पीककर्ज, पीकविमा, अनुदान, नुकसानभरपाई, पीएम किसानचा हप्ता या सगळ्यांसाठी जमिनीची नोंद लागते. सहकारी साखर कारखान्याचा ऊस उत्पादक सभासदही शेतीच्या नोंदीवरूनच ठरतो. सहकारात एका सभासदाला एक मत. म्हणजे सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणून सभासदत्व नाही. सभासदत्व नाही, म्हणून उसाच्या भावावर, पहिल्या उचलीवर, गाळपाच्या तारखेवर सर्वसाधारण सभेत बोलण्याचा अधिकार नाही. संचालक मंडळात स्त्रियांसाठी दोन जागा राखीव आहेत खऱ्या; पण सभासदांच्या यादीतच स्त्रिया थोड्या असतील तर त्या दोन जागांवर कोणाच्या घरातल्या स्त्रिया येतात, हे सांगायला नको.

२०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातील वहिती खात्यांपैकी सुमारे १४ टक्केच स्त्रियांकडे होती. निंदणी, लावणी, कापूस वेचणी, मिरचीची तोडणी या कामांत नंदुरबारच्या शिवारात कोण दिसते, याची आठवण केली तर या आकड्याचा अर्थ अधिक नीट कळतो.

ऊसतोडीत तर नोंद आणखी पुसट होते. तोडणीला जाणारे नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. उचल मुकादमाकडून बहुधा नवऱ्याच्या हातात पडते. बायकोने तोडलेल्या, बांधलेल्या, डोक्यावरून वाहून नेलेल्या मोळ्यांचा वेगळा हिशेब नसतो. धुळे-नंदुरबारमधून गुजरातच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या आदिवासी कुटुंबांतही हेच चालते. फ्रान्सच्या शेतकऱ्याच्या बायकोची ‘व्यवसाय नाही’ ही नोंद आणि आपल्याकडचा अर्धा कोयता, हे एकाच हिशेबाचे दोन नमुने आहेत.

कायदा कुठे आहे आणि कुठे नाही?

महाराष्ट्रात कायद्यांची कमतरता नाही. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती राज्याने १९९४ मध्ये केली. देशपातळीवर ती २००५ मध्ये झाली. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी १९८६ च्या चांदवड मेळाव्यात स्त्रियांचा प्रश्न शेतकरी चळवळीच्या मध्यभागी आणला. पुढे लक्ष्मीमुक्ती मोहिमेत अनेक शेतकऱ्यांनी स्वखुशीने बायकोच्या नावे जमीन केली आणि सरकारनेही सातबाऱ्यावर पत्नीचे नाव लावण्याची योजना आणली. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव वडिलांच्या आधी लिहिणे राज्याने सक्तीचे केले आहे. अन्नसुरक्षा कायद्यानुसार शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या ज्येष्ठ स्त्रीचे नाव असते. रेशनच्या दुकानात ती प्रमुख. तलाठ्याच्या दप्तरात ती अनेकदा नाहीच.

नंदुरबारपुरती एक मोठी अडचण वेगळी आहे. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे, आणि हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. त्यासाठी केंद्र सरकारची अधिसूचना लागते. त्यामुळे १९५६ चा कायदा असो की २००५ ची दुरुस्ती, शहादा-तळोदा-धडगावच्या बहुसंख्य मुलींना त्याचा थेट लाभ नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला या तरतुदीचा फेरविचार करण्यास सुचवले. जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाच्या प्रकरणात, मुलींना वगळण्याची रूढी सिद्ध झालेली नसताना त्यांना वाटा नाकारणे समतेच्या तत्त्वाविरुद्ध आहे, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. पण प्रत्येक बहिणीने भावाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे, ही अपेक्षा कोणी करू नये.

याला एक चांगला अपवाद आहे तो २००६ च्या वनहक्क कायद्याचा. या कायद्यानुसार विवाहितांना मिळणारा वनहक्काचा पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदवणे बंधनकारक आहे. सातपुड्याच्या पायथ्याला वनहक्काचे हजारो दावे आहेत. जंगलजमिनीवर कायद्याने जे होऊ शकते, ते महसुली जमिनीवर का होऊ नये?

आक्षेप कोणते?

पहिला, नाव लावून काय होते, व्यवहार पुरुषच पाहणार. सरपंच बाईंचे पती सही-शिक्का घेऊन फिरतात, हे आपण पाहतोच. यात तथ्य आहे. पण पंचायतीत स्त्रियांचे आरक्षण आल्यावर पहिल्या खेपेला नुसती सही करणाऱ्या कितीतरी जणी पुढे स्वतः ग्रामसभा चालवू लागल्या. नाव असेल तर कधीतरी ते वापरता येते. नसेल तर तो दिवस येतच नाही.

दुसरा आक्षेप, जमिनीचे तुकडे पडतील. सातबाऱ्यावर पती-पत्नीचे सामाईक नाव लावल्याने एक गुंठाही वेगळा होत नाही. तुकडे भावाभावांच्या वाटण्यांनीही पडतातच. तेव्हा हा मुद्दा कोणी फारसा काढत नाही. बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेताना मात्र तो हमखास निघतो.

तिसरा, घरात दोन प्रमुख कसे चालतील? नेपोलियनच्या कायदेपंडितांचे म्हणणे अगदी हेच होते. फ्रान्सने १९७० मध्ये कुटुंबप्रमुखाचे कलम काढले. त्यानंतर तिथली कुटुंबे मोडली ती इतर अनेक कारणांनी. बीटाची शेती काही थांबली नाही.

मग करायचे काय?

सुरुवात गावपातळीवर होऊ शकते. फेरफाराच्या वेळी, वारसनोंदीच्या वेळी आणि वाटणीच्या वेळी पत्नीचे नाव सहखातेदार म्हणून लावण्याचा पर्याय तलाठ्याने स्वतःहून समोर ठेवावा. सध्या तो मागणाऱ्यालाच मिळतो, आणि मागणारे थोडे. साखर कारखान्यांनी ऊसनोंदणीच्या अर्जावर शेतात राबणाऱ्या जोडीदाराचे नाव लिहिण्याची पद्धत सुरू करावी आणि सहखातेदार स्त्रीला सभासद करून घेण्यासाठी पोटनियमांत वाट मोकळी करावी. पी. के. अण्णा पाटील यांच्या नेतृत्वाखाली सहकार रुजलेल्या या भागात तसा ठराव आधी होणे शोभून दिसेल. ऊसतोडीचा करार कोयत्यावर न करता माणशी करावा, म्हणजे उचल आणि मजुरी दोघांच्या खात्यात वेगवेगळी जमा होईल. आणि आदिवासी मुलींच्या वारसाहक्काबाबत केंद्राने आदिवासी समाजाशी, त्यातही स्त्रियांशी, बोलून निर्णय घ्यावा. रूढींचा मान राखून मुलीचा वाटा निश्चित करणे अशक्य नाही.

व्हर्सायच्या मोर्चापासून फ्रेंच स्त्रीच्या पहिल्या मतापर्यंत १५५ वर्षे गेली. शेतकरी जोडप्याला सामुदायिक शेती गटात बरोबरीने भागीदार व्हायला २२१. शहाद्याच्या स्त्रियांनी दारूची मडकी फोडली त्याला आता ५० वर्षे होऊन गेली आहेत. त्या पिढीतल्या काही जणी अजून हयात आहेत. त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या लेकी-सुनांची नावे उताऱ्यावर चढली, तर फ्रान्सचा विलंब आपण टाळला असे म्हणता येईल.